जुन्या बंदुकीचा गंज काढताना नळीची निळाई कशी वाचवायची

दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी कोकणातल्या बऱ्याच घरांत कपाटामागची बंदूक पूजेसाठी बाहेर निघते. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली एक नळी, दोन नळी, नाहीतर पणजोबांच्या वेळची ठासणीची. पावसाळाभर गुंडाळून ठेवलेलं फडकं सोडलं की नळीवर विटकरी ठिपके दिसतात. मग कोणी पॉलिश पेपर आणतं, कोणी लिंबू अर्धं कापतं, कोणी भांडी घासायची तारेची घासणी घेतं. अर्ध्या तासात गंज जातो, पण त्याबरोबर नळीवरची निळसर काळी झाकही जाते. पूजेपुरती नळी चकाकते. दिवाळीपर्यंत तिच्यावर पहिल्यापेक्षा दुप्पट गंज असतो, कारण लोखंड आता उघडं पडलेलं असतं.

आमच्या घरात बारा बोअरची जुनी दोन नळी आहे. देवगडच्या बाजूला आमची कलमं आहेत, आणि वानरं व डुकरं यांच्यामुळे आजोबांनी ती घेतली. कॉलेजात असताना एका सुट्टीत मीच तिच्या बाजूच्या पट्टीवर बारीक पॉलिश पेपर फिरवला. त्या पट्टीवर निळे-तपकिरी-राखाडी ढग होते. मला ते डाग वाटले. ते डाग नव्हते, कारखान्यात दिलेला रंग होता, आणि तो घरी परत आणता येत नाही. त्या दिवसापासून जे शिकत आलो ते इथे लिहितो आहे.

हात लावण्याआधी

बंदूक रिकामी आहे हे स्वतः पाहायचं. "गेल्या वर्षीच रिकामी करून ठेवली होती" हे कोणाच्याही तोंडून ऐकलं तरी पाहायचंच. ब्रीच-लोडर, म्हणजे मागून काडतूस भरायची बंदूक असेल, परवान्यावर एसबीबीएल किंवा डीबीबीएल लिहिलेलं असेल, तर तोंड मोकळ्या दिशेला धरून बंदूक बिजागरीवर वाकवून उघडायची, दोन्ही नळ्यांतून उजेड आरपार दिसतो का बघायचं, आणि करंगळी आत घालून चाचपायचं. काडतुसं त्या खोलीत ठेवायचीच नाहीत.

ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे एसबीएमएलमध्ये, मागून बघायची सोय नसते, म्हणून धोका जास्त. आधी निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या बोंडीवर, केप (घोडा आपटला की पेटणारी टोपी) नाही याची खात्री करा. मग तोंडासमोर चेहरा किंवा तळहात येऊ न देता गज नळीत हळूच सोडा. तो तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर खडूने खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून तिला लावून धरा, खूण तोंडाशी जुळवा. गजाचं टोक जवळजवळ निपलपर्यंत पोचायला हवं. तीन-चार बोटं आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे: कदाचित कापडाचा बोळा, कदाचित कुंभारमाशीचं घर, कदाचित आजोबांनी ठासलेला बार. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेटते. अशी बंदूक घरी उकरू नका. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याला कळवा, तो सांगेल तसं करा.

कायद्याचं आधीच सांगतो. आजोबांची आठवण म्हणून ठेवलेली, पण चालू परवाना नसलेली बंदूक घरात असणं हाच गुन्हा आहे. परवानाधारक वारले असतील तर आधी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाच्या अर्जाचं बघा, गंजाचं नंतर. आणि शस्त्र अधिनियम १९५९ च्या ८ व्या कलमानुसार बंदुकीवरचा क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसायला, बदलायला मनाई आहे. पॉलिश पेपरने जोरात घासताना उथळ कोरलेला क्रमांक पुसट होऊ शकतो, आणि परवाना नूतनीकरणाच्या वेळी तोच क्रमांक ताडून पाहतात. म्हणून क्रमांकाभोवती काहीही घासायचं नाही, तिथे तेल आणि मऊ ब्रश एवढंच.

गंज आणि ब्लूइंग एकाच घरातले

ही एक गोष्ट समजली की पुढचं सगळं आपोआप सुचतं. नळीवरचा निळसर काळा थर, म्हणजेच ब्लूइंग, रंग नाही, लेपही नाही. तो लोखंडाचाच ऑक्साइड आहे: मॅग्नेटाइट, काळा, दाट, लोखंडाला घट्ट धरून बसणारा. लाल गंजही लोखंडाचाच ऑक्साइड, फक्त पाणी धरलेला, भुसभुशीत, खालच्या लोखंडापर्यंत हवा आणि ओल पोचू देणारा. जुन्या कारागिरांची ब्लूइंगची पद्धत तर मुद्दाम गंज आणण्याचीच होती. घासून स्वच्छ केलेल्या नळीवर सौम्य आम्लाचं पाणी लावायचं, दमट जागी तिच्यावर बारीक गंज येऊ द्यायचा, मग ती उकळत्या पाण्यात सोडायची. लाल गंज काळा होतो. वरचा सुटा भुगा तारेच्या मऊ ब्रशने झटकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा-सात वेळा असं केल्यावर ती खोल, मखमली झाक येते.

आता लिंबाचं बघा. लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर, थंड पेयं, बाजारात मिळणारं गंज काढायचं आम्लाचं द्रावण, ही सगळी गंज विरघळवतात, कारण ती लोखंडाचा ऑक्साइड विरघळवतात. लाल कोणता आणि काळा कोणता हे त्यांना कळत नाही. चिंचेने तांब्याचा बंब लखलखतो, म्हणून बंदूकही लखलखेल हा आपल्याकडचा समज इथेच फसतो: बंबावर राखायचं असं काही नसतं, नळीवर असतं. ज्या द्रावणांच्या बाटलीवर आम्लविरहित लिहिलेलं असतं त्यांनीही ब्लूइंग फिकट पडू शकतं. बॅटरी चार्जर लावून सोड्याच्या पाण्यात गंज काढायची पद्धत कुदळ-कोयत्याला उत्तम, ब्लूइंग असलेल्या नळीला नाही.

मग हाती उरतात तेल, वेळ आणि लोखंडापेक्षा मऊ धातू. भुसभुशीत गंज तेलाने सैल होतो आणि मऊ धातूने निघतो. घट्ट बसलेला काळा थर त्याच मऊ धातूला दाद देत नाही. आपलं सगळं काम या फरकावर चालतं.

समोर काय आहे ते ओळखा

दिवसाच्या उजेडात, ओसरीवर बसून, भिंगाने बंदूक नीट बघा आणि मोबाइलवर सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा. नंतर "हे आधी असंच होतं का" असा प्रश्न पडतो तेव्हा ते फोटोच उत्तर देतात.

नळी निळसर काळी असेल तर ब्लूइंग आहे. पुढचा सगळा लेख मुख्यतः तिच्यासाठी. नळी तपकिरी असून तिच्यावर लाकडाच्या रेषांसारखी किंवा वळशांची नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. तिची तपकिरी झाक मुद्दाम आणलेली असते, तिला गंज समजू नका. तेल आणि सुती फडकं यापलीकडे तिला काही लावू नका, आणि तिच्यात आजची काडतुसं घालायचा विचारही करू नका. ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे.

बाजूच्या पट्ट्यांवर आणि खटक्याच्या वरच्या भागावर ढगांसारखे रंग असतील तर ते मी घालवले तसले: हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवल्यामुळे आलेले. हा थर इतका पातळ असतो की रोजच्या हाताळणीनेही जातो. बारीक स्टील वूलही (पोलादी तारांची लोकर) त्याला चालत नाही. काही जुन्या पिस्तुलांवर चांदीसारखा निकेलचा मुलामा असतो. त्याच्याखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो, म्हणून अमोनिया असलेलं सफाईचं द्रावण त्यावर वापरू नये. ते तांबं खातं आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो.

बंदूक मुंगेर-ईशापूरसारख्या आपल्याकडच्या बंदुका बनवणाऱ्या गावची आहे की विलायती, तेही बघा. नळीच्या तळाशी, लाकडाने झाकलेल्या भागावर, चाचणीचे शिक्के असतात. अंडाकृतीत ई.एल.जी. अशी अक्षरं असली तर नळी बेल्जियममधल्या लिएजची. मुकुटाखाली अक्षरं असतील तर बहुधा इंग्रजी. हे शिक्के बंदुकीची जन्मपत्रिका आहेत, त्यांच्यावरून काहीही घासून न्यायचं नाही. बंदूक शंभर वर्षांपलीकडची, नक्षीकाम असलेली, संस्थानी वाटत असेल तर गंज थांबवण्यापुरतं तेल लावा आणि जाणकाराला दाखवा. तिथे साफसफाईची हौस महागात पडते.

गंजही सारखा नसतो. बोट फिरवल्यावर केशरी धूळ लागली तर तो जिवंत गंज, तो काढायचाच. गडद तपकिरी, गुळगुळीत, बोटाला न लागणारा डाग म्हणजे जुना, शांत झालेला थर. माझं मत विचाराल तर तो राहू द्यावा. साठ वर्षांच्या बंदुकीवर साठ वर्षं दिसायला हरकत नाही. आणि नखाला खळगे लागत असतील तर तिथलं लोखंड गंजाने खाल्लं आहे. खळग्यातला गंज काढता येतो, खळगा बुजवता येत नाही. तो सपाट करायच्या नादात आजूबाजूची नळी घासून पातळ करणारे लोक मी पाहिले आहेत.

काय जमवायचं

शिलाई मशीनचं पातळ तेल किंवा बंदुकीसाठीच मिळणारं तेल. गंज सैल करायचं, फटीत शिरणारं तेल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. डब्ल्यूडी-४० प्रत्येक घरात असतं, ते पाणी हटवायला आणि गंज भिजवायला चालतं, पण त्याचा थर विरळ असतो, पावसाळाभराच्या राखणीसाठी त्यावर विसंबू नका. खोबरेल नको. थंडीत ते थिजतं, पुढे खवट होऊन चिकट राप धरतं आणि खटके जड होतात.

सुती फडकी भरपूर, जुनं धोतर किंवा बनियन सगळ्यात चांगलं. जुने दात घासायचे ब्रश. बांबूच्या काड्या. नायट्राइलचे हातमोजे, कारण आपल्या घामातलं मीठ हेच गंजाचं मोठं कारण आहे आणि जुन्या नळीत शिशाची पूड असते.

खरवडायला तांबं किंवा ब्राँझ. इलेक्ट्रिशियनकडून जाड तांब्याच्या तारेचा तुकडा घ्या, हातोडीने टोक चपटं करा, कडा दगडावर गोल करा, झाली खरवडणी. आमच्याकडे आजीच्या डब्यातला १९४० च्या दशकातला भोकाचा पैसा आहे, तो ब्राँझचा. गुळगुळीत झालेल्या त्याच्या कडेने मी कितीतरी गंज उचलला आहे. कुठलीही "पितळी" वस्तू वापरण्याआधी तिला लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर ती वरून मुलामा दिलेलं लोखंड आहे, ती नळीवर ओरखडे पाडणार.

शेवटचं म्हणजे वूल. ब्राँझ वूल मिळालं तर उत्तम. नाहीतर स्टील वूल, पण फक्त ०००० नंबरचं, चार शून्यांचं. लाकडी फर्निचरच्या पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. स्वयंपाकघरातली घासणी याच्या शेकडो पट जाडीभरडी असल्यासारखी वागते, तिला या कामात जागा नाही. पॉलिश पेपर कितीही बारीक असला तरी नाही, आणि ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश तर मुळीच नाही.

सोडवणं

दोन नळी असेल तर पुढचा लाकडी हात काढा, नळ्या वेगळ्या करा. एवढंच पुरे. बाजूच्या पट्ट्यांचे स्क्रू उघडू नका. जुन्या बंदुकींच्या स्क्रूची खाच कागदासारखी अरुंद असते, घरच्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं असतं, आणि एकदा खाच फाटली की ती सगळ्यांना दिसत राहते. ठासणीच्या बंदुकीची नळी बहुधा पाचरीने किंवा पितळी कड्यांनी दस्त्याला बांधलेली असते. ती सहज सुटत असेल तरच सोडवा. सुटत नसेल तर लाकडाला कागदी चिकटपट्टी लावून झाका, म्हणजे तेल दस्त्यात मुरणार नाही. तेलाने भिजलेलं अक्रोडाचं लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि धक्क्याला तिथेच तडकतं.

भिजवणं

सगळं काम याच पायरीवर ठरतं, आणि घाईही हिलाच भोवते. नळीवर सढळ तेल लावा, तेलात भिजवलेलं फडकं गंजाच्या जागी गुंडाळा, वरून प्लास्टिक, आणि कुलपाच्या जागी ठेवून द्या. हलक्या गंजाला एक रात्र पुरते. जुन्या, पापुद्रे धरलेल्या गंजाला तीन दिवस द्या आणि रोज फडकं बदला. पहिल्या दिवशी फडकं नुसतं पिवळं होतं. तिसऱ्या दिवशी ते शेंदरी तपकिरी निघालं तर समजा, घासायच्या आधीच निम्मं काम झालं.

घासणं

आधी चाचणी. पुढच्या लाकडाने झाकला जाणारा नळीचा खालचा भाग घ्या, तिथे शिक्के टाळून नखाएवढ्या जागेवर सगळं करून बघा, आणि दिवसाच्या उजेडात निळाई तशीच आहे ना ते पाहा. प्रत्येक बंदुकीचं ब्लूइंग वेगळं असतं. काही आधुनिक नळ्यांवरचा थर चिवट असतो, काही स्वस्त नळ्यांवरचा नुसत्या वूलनेही उडतो.

मग क्रम असा ठेवा: आधी नुसतं फडकं, त्याने निघेल तेवढं काढा. उरलेल्या उंचवट्यांवर तांब्याची खरवडणी, तेल लावलेल्या जागी, जवळजवळ आडवी धरून, नळीच्या लांबीच्या दिशेने. गंजाचा पापुद्रा टकटक करून सुटतो, तो आवाज ओळखीचा होतो. मग ब्राँझ वूल किंवा ०००० वूल, तेलात बुडवून. दोन बोटांनी, बाळाच्या गालाला तेल लावावं तेवढ्या दाबाने, पाच-सहा फेरे. लगेच स्वच्छ फडक्याने पुसायचं आणि बघायचं. पुन्हा तेल, पुन्हा पाच-सहा फेरे. कोरडं वूल एकदाही फिरवायचं नाही. आणि सुटलेला गंज पुसून न टाकता घासत राहिलात तर तोच गंज घासकागदाचं काम करतो, हे लक्षात असू द्या.

थांबायचं कधी, हे फडकं सांगतं. पुसल्यावर त्यावर लाल-तपकिरी लागतंय तोवर गंज निघतो आहे. तपकिरी कमी होऊन राखाडी काळं लागायला लागलं की थांबा. आता निळाई निघते आहे. त्या जागी गंजाचा बारीक ठिपका उरला असेल तरी थांबा, तेल लावून ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा. मी आमच्या नळ्या एका बैठकीत कधीच पूर्ण करत नाही. तासभर काम, मग तेल लावून दोन दिवस विश्रांती. दुसऱ्या बैठकीला बऱ्याच गोष्टी फडक्यानेच निघतात.

खळग्यांसाठी बांबूची काडी टोकदार करून तेलात बुडवा आणि फिरवत फिरवत उकरा. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीची फट, माशीचा (नेम धरायच्या पुढच्या मण्याचा) पाया, घोड्यांच्या मागचा कोपरा, इथे दातांचा ब्रश. बाजूच्या रंगीत पट्ट्यांवर आणि कोरीव कामावर मात्र फक्त तेल, ब्रश आणि फडकं. तिथला गंज जेवढा निघेल तेवढा.

उकळत्या पाण्याचा उपाय

ब्लूइंगच्या जुन्या पद्धतीतूनच निघालेला हा उपाय खरोखर सुंदर आहे. जुन्या दोन नळ्यांचं ब्लूइंग गंज आणूनच केलेलं असतं, कारण त्या नळ्या एकमेकींना कथिल-शिशाच्या डाकाने जोडलेल्या असतात आणि हल्लीच्या कारखान्यांतलं कॉस्टिकचं गरम द्रावण तो डाक खातं. अशा नळीवर पातळ, सारखा पसरलेला जिवंत गंज असेल तर तो काढण्याऐवजी काळा करता येतो. लाल गंज उकळत्या पाण्यात मॅग्नेटाइट होतो, म्हणजे शत्रूचंच सैन्य आपल्या बाजूला येतं.

पण आधी नळ्यांचा डाक शाबूत आहे का बघा. नळ्या सुट्या करून, खालच्या आकड्यात दोरी अडकवून लोंबकळत धरा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर डाक घट्ट. भदभद किंवा झिणझिण आवाज आला तर मधली पट्टी कुठेतरी सुटली आहे. तिथे पाणी शिरलं तर ते कधीच बाहेर येणार नाही आणि गंज आतून चालू राहील. अशी नळी उकळायची नाही, कारागिराकडे न्यायची.

नाद चांगला असेल तर नळीचं तेल साबणाच्या गरम पाण्याने आणि मग ॲसिटोनने पूर्ण उतरवा. हे मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार डाग पाडतात. नळी अख्खी बुडेल असं पत्र्याचं लांबट भांडं लागतं, साधारण तीन फुटांचं, जस्ताचा मुलामा नसलेलं. वीस ते तीस मिनिटं पाणी उकळतं ठेवा. उकळत्या पाण्याने डाक वितळत नाही, कथिल-शिशाचा डाक वितळायला किमान १८३ अंश सेल्सिअस लागतात. नळी तारेने धरून बाहेर काढली की ती स्वतःच्या उष्णतेने मिनिटभरात सुकते, आणि जिथे लाल होतं तिथे काळी मखमल दिसते. ॲसिटोनने धुतलेलं ०००० वूल अगदी हलकं फिरवून सुटा भुगा काढा. आतून-बाहेरून लगेच तेल. गरम नळी तेल पिते.

जाड पापुद्र्यांवर आणि खोल खळग्यांवर याचा उपयोग होत नाही. नवीन कॉस्टिक ब्लूइंगच्या नळीलाही त्याची गरज नसते. पहिल्यांदा करणार असाल तर माहितगाराबरोबर करा, चिमटे, जाड हातमोजे आणि बूट घालून.

नळीच्या आत

नळी आतून साफ करताना ब्राँझचा ब्रश नेहमी मागच्या बाजूने, म्हणजे काडतूस भरतो तिथून घाला. तोंडाच्या कडा झिजल्या की बार विस्कटतो. ठासणीच्या नळीत तो पर्याय नाही, तिथे लाकडी गज वापरा. ज्या बंदुकीत काळी दारू वापरली जाते किंवा जुनी काडतुसं उडवली आहेत तिच्या आत क्षार उरतात. ते हवेतली ओल ओढतात आणि तेलात विरघळत नाहीत. त्यांना गरम पाणीच हवं. गरम पाणी दोन-तीनदा, मग कोरड्या चिंध्या ओल संपेपर्यंत, मग तेल. केवळ तेल लावून ठेवलेली ठासणीची बंदूक आतून का सडते, त्याचं कारण हे.

साफ झाल्यावर नळी आभाळाकडे धरून आत बघा. भिंतीवर काळे खड्डे दिसले, विशेषतः काडतुसाच्या जागेच्या पुढे, तर ती बंदूक परवानाधारक कारागिराने मापून तपासल्याशिवाय उडवायची नाही.

शेवटचा हात

तेलाने गंज काढल्यावर नळीवर मळकट तेल उरतं. स्वच्छ फडक्यावर थोडं पेट्रोल किंवा थिनर घेऊन ते पुसा, उन्हात अर्धा तास नळी तापू द्या, मग ताजं तेल पातळ, सारखं लावा. जास्त तेल म्हणजे जास्त राखण असं नाही, ओघळलेलं तेल फक्त लाकूड खराब करतं. जी बंदूक वर्षातून एकदाच पूजेला निघते तिच्यासाठी मला मेण अधिक पसंत आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स आज जगभरची संग्रहालयं धातूवर वापरतात. ते न मिळाल्यास चांगलं, आम्ल आणि घासपूड नसलेलं पॉलिशचं मेण चालतं. कोमट नळीवर बोटाने पातळ थर, वाळू द्या, फडक्याने चोळा. बोटांचे ठसे पडत नाहीत आणि ओघळ येत नाही.

पांढरी पडलेली जागा काळी करायची बाटली बाजारात मिळते. ती थंड ब्लूइंगची द्रावणं बहुतेक सेलेनियमची, विषारी असतात, आणि तो रंग जुन्या निळाईशी जुळत नाही. स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेला ठीक, नळीवर ठिगळ दिसतं.

दस्त्याला जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहातावर चोळून लावा. ती तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

पुढच्या पावसाळ्यासाठी

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचं गंजणं झपाट्याने वाढतं. किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वरच असते, त्यात खारी हवा. म्हणून बंदूक चामड्याच्या खोळीत किंवा स्पंजच्या पेटीत पावसाळाभर ठेवू नका. चामडं आणि स्पंज ओल धरून बसतात. चामड्यात कमावतानाची रसायनंही असतात. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ती भिंत घामेजते. कुलपाचं लोखंडी कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा त्या तापवून कोरड्या करायच्या. सुती फडक्यात बंदूक सैल गुंडाळायची, तेही दर वेळी धुतलेल्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा करायची असेल तर देण्याच्या आदल्या दिवशी मेणाचा किंवा घट्टसर तेलाचा थर द्या, बाहेरून आणि नळीतून. परत आली की त्याच संध्याकाळी उघडून पुसा.

आमच्याकडे मृगापासून दसऱ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी, बंदूक बाहेर निघते. बाबा परवानाधारक, म्हणून कुलूप तेच उघडतात आणि तेच समोर बसतात. मी हातमोजे घालून पुसतो. दहा मिनिटांचं काम. ठिपका दिसलाच तर तेलाचा थेंब आणि भोकाचा पैसा. मग नळी खाली आणि दस्ता वर अशी ती कपाटात उभी राहते, म्हणजे उरलंसुरलं तेल लाकडात न उतरता तोंडाशी ठेवलेल्या फडक्यात उतरतं.